‘गेट’चं नेमकं करायचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इंग्रजीतल्या रोजच्या क्रियापदांबद्दल प्रश्न मागवले होते. इंदूरहून आलेली बरीचशी पत्रं एकाच क्रियापदाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. वाचण्याआधी एक खुलासा. फाटकाचं ‘गेट’ आणि हे क्रियापद ‘गेट’ देवनागरीत सारखंच दिसतं, उच्चार मात्र वेगळा आहे. फाटकाच्या शब्दात ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. क्रियापदातला ‘ए’ आखूड असतो, ‘सेट’, ‘नेट’ या शब्दांतल्यासारखा झटक्यात संपणारा. खाली सगळीकडे हा दुसरा उच्चार धरावा.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात आहे. ‘आय ॲम गेटिंग बोअर’, ‘आय ॲम गेटिंग स्लीप’, ‘आय ॲम गेटिंग फीवर’ असं ती सर्रास बोलते. कानाला खटकतं, पण चूक कुठे आहे ते मला सांगता येत नाही.
(एक गृहिणी, सुदामानगर)

उत्तर: तुमचा कान बरोबर आहे. या तिन्ही वाक्यांच्या पोटात मराठी वाक्यं बसली आहेत: मला बोअर होतंय, मला झोप येतेय, मला ताप येतोय. आपल्या भाषेत शरीराचं आणि मनाचं जे काही होतं ते ‘मला’पाशी येतं. झोप येते, राग येतो, भूक लागते, आठवण होते. वाक्याचा कर्ता झोप किंवा राग असतो. इंग्रजीत बहुतेक वेळा ‘मी’ स्वतःच कर्ता होतो आणि झोप, भूक, राग ही त्याची अवस्था होते, म्हणजे विशेषण होते. आपण ‘मला येतंय’च्या जागी ‘आय ॲम गेटिंग’ ठेवतो आणि पुढे मराठीतलं नाम तसंच उचलून लावतो. चूक ‘गेट’मध्ये नाही, त्याच्या पुढच्या शब्दात आहे.

‘गेट’च्या पुढे नाम आलं तर अर्थ साधारणपणे ‘मिळणं’ होतो, जसं नोकरी, पत्र, तिकीट, पगार. पुढे विशेषण आलं तर अर्थ ‘होणं’. म्हणून झोप येत असेल तर ‘आय ॲम गेटिंग स्लीपी’, भूक लागत असेल तर ‘गेटिंग हंग्री’, राग येत असेल तर ‘गेटिंग अँग्री’. ‘गेट स्लीप’ हा प्रयोग चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ झोप मिळणं असा आहे: ‘आय गेट सिक्स अवर्स ऑफ स्लीप’ म्हणजे मला सहा तास झोप मिळते.

‘बोअर’ हे क्रियापद आहे, अर्थ कंटाळा आणणं. ज्याला कंटाळा आला तो ‘बोअर्ड’, जो आणतो तो ‘बोअरिंग’. तेव्हा ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ म्हणायचं. घाईत ‘आय ॲम बोअरिंग’ निघून गेलं तर ‘मी कंटाळवाणी आहे’ असा अर्थ होईल, हेही मुलीला सांगून ठेवा.

तापाचं थोडं निराळं आहे. आजाराच्या नावाआधी ‘गेट’ चालतं, पण ते आजार जडण्याचा क्षण दाखवतं. ‘आय ॲम गेटिंग अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होणार असं दिसतंय. ताप आधीच अंगात असेल तर ‘आय हॅव अ फीवर’, आणि त्यातला ‘अ’ गाळायचा नाही. डॉक्टरला ‘सोमवारपासून ताप आहे’ सांगायचं असेल तर ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे’. ‘आय ॲम गेटिंग फीवर सिन्स मंडे’ यात काळही चुकतो आणि क्रियापदही. मात्र रोज संध्याकाळी ताप चढत असेल तर ‘आय गेट अ फीवर एव्हरी इव्हनिंग’ अगदी बरोबर, कारण तिथे तो रोज नव्याने येतो. डॉक्टरच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असतो.

काही ठिकाणी ‘गेट’ अजिबात येत नाही. हसू येणं म्हणजे ‘फील लाइक लाफिंग’, मजा येणं म्हणजे ‘हॅव फन’, कुणाची आठवण येणं म्हणजे सरळ ‘मिस’.

प्रश्न: फोनवर ग्राहकाचं बोलणं कळलं नाही की आमच्याकडे सगळे ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणतात. हे योग्य आहे का?
(बँकेतील कर्मचारी, पलासिया)

उत्तर: भारतात समोरच्याला ते कळतं, पण बाहेरच्या इंग्रजीत असं बोलत नाहीत. समजणं या अर्थी ‘गेट’ चालू वर्तमानकाळात सहसा येत नाही. ‘आय डोन्ट गेट यू’ व्याकरणात बसतं, पण ते ‘तुमचं मला काही कळतच नाही’ अशा अंगाने जाऊ शकतं, आणि ग्राहकाशी तसं बोलणं बरं नाही. ‘सॉरी, आय डिडन्ट क्वाइट गेट दॅट’ म्हणा. भूतकाळामुळे दोष त्या एका वाक्यापुरता राहतो, माणसावर जात नाही.

मिळणं या अर्थी मात्र चालू काळ चालतो: ‘आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल हिअर.’ फोन लागत नसेल तर ‘आय कान्ट गेट थ्रू’, आणि माहिती काढून परत फोन करणार असाल तर ‘आय विल गेट बॅक टू यू’. आपल्या कचेऱ्यांतलं ‘रिव्हर्ट बॅक’ सोडून हे शेवटचं वाक्य घ्यावं.

प्रश्न: मी ‘आय कट माय हेअर यस्टर्डे’ म्हटलं तर मुंबईचा मित्र म्हणाला, ‘स्वतः कापलेस का?’ मग केस कापले हे इंग्रजीत म्हणायचं कसं?
(विद्यार्थी, स्नेहलतागंज)

उत्तर: ‘आय गॉट माय हेअर कट.’ मराठीत ‘मी केस कापले’, ‘मी दात काढला’, ‘मी डोळे तपासले’ असं बिनधास्त म्हणतो आणि न्हावी, डॉक्टर गृहीत धरतो. इंग्रजीत हात कुणाचा ते वाक्याच्या रचनेतच दिसावं लागतं. रचना अशी: आधी ‘गेट’ योग्य काळात, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’, ‘वी आर गेटिंग द रूफ रिपेअर्ड’, ‘शी गॉट अ टूथ टेकन आउट’.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली म्हणजे तिसऱ्या रूपाची शेपटी गळते: ‘आय गॉट माय बाइक रिपेअर’. ‘रिपेअर्ड’मधला शेवटचा ‘ड’ बोलताना हलका असतो, पण लिहिताना सुटला की वाक्य मोडतं. दुसरी चूक क्रमाची: ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’. वस्तू मध्येच यायला हवी. ‘गेट’ऐवजी ‘हॅव’ वापरलंत तर क्रम बदलण्याचा परिणाम आणखी मोठा होतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे कापून घेतले, आणि ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः कापले होते.

मराठीतलं ‘करून घेणं’ या रचनेच्या फार जवळ आहे. गाडी दुरुस्त करून घेतली, कपडे इस्त्री करून घेतले, अशी वाक्यं मनात आली की ‘गेट’ बिनधोक लावा. गंमत म्हणजे दोन्ही भाषांत ही रचना स्वतःचं काम उरकण्यालाही चालते: ‘गृहपाठ करून घेतला’ आणि ‘आय गॉट माय होमवर्क डन’. पण ‘जेवून घेतलं’ याचं मात्र असं भाषांतर करू नका. ‘आय गॉट ईटन’ म्हणजे मला कुणीतरी खाल्लं.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेच्या पेपरात ‘गेट’, ‘हॅव’, ‘मेक’ यांवर चूक ओळखा असे प्रश्न येतात. ‘टू’ कधी लावायचा आणि कधी नाही, ते दर वेळी घोकूनही विसरायला होतं.
(परीक्षार्थी, भंवरकुआँ)

उत्तर: घोकण्यापेक्षा मराठीतून चला, कारण मराठीत हे फरक स्वच्छ आहेत.

‘मुलाकडून फॉर्म भरून घेतला’, त्यासाठी थोडी खटपट केली, त्याचं मन वळवलं, तर ‘गेट’: ‘शी गॉट हर सन टू फिल द फॉर्म.’ इथे ‘टू’ हवाच. तोच फॉर्म कारकुनाकडून भरून घेतला, ते त्याचं कामच आहे, मन वळवायचा प्रश्न नाही, तर ‘हॅव’: ‘शी हॅड द क्लार्क फिल द फॉर्म.’ इथे ‘टू’ नाही. ‘भरायला लावला’ म्हणजे ‘मेक’: ‘शी मेड हर सन फिल द फॉर्म’, पुन्हा ‘टू’ नाही. ‘भरू दिला’ म्हणजे ‘लेट’: ‘शी लेट हर सन फिल द फॉर्म’, तिथेही नाही. चौघांत ‘टू’ मागणारं ‘गेट’ एकटंच.

परीक्षक यावर दोन सापळे लावतात. पहिला कर्मणी प्रयोगाचा. ‘मेक’ कर्मणीत गेलं की गळालेला ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज मेड टू साइन.’ ‘गेट’ आणि ‘हॅव’ यांच्या या रचनेचा कर्मणी होत नाही. ‘ही वॉज गॉट टू साइन’ किंवा ‘ही वॉज हॅड टू साइन’ दिसलं की ते चूक. ‘लेट’च्या जागी कर्मणीत ‘अलाउ’ येतं: ‘ही वॉज अलाउड टू साइन.’

दुसरा सापळा मधल्या शब्दाचा. ‘ही गॉट द प्यून ब्रिंग द फाइल’ यात ‘टू ब्रिंग’ हवं, आणि ‘ही गॉट द फाइल टू ब्रिंग’ यात ‘ब्रॉट’ हवं. मधला शब्द काम करणारा आहे की काम सोसणारा, एवढंच पाहा. शिपाई आणतो, म्हणून ‘टू’ आणि मूळ रूप. फाइल आणली जाते, म्हणून तिसरं रूप. शिकवणी वर्गांच्या नोट्समध्ये ‘व्यक्ती असेल तर टू, वस्तू असेल तर तिसरं रूप’ असं लिहिलेलं असतं. ते बहुतेकदा चालतं, पण ‘आय कान्ट गेट द कार टू स्टार्ट’ या वाक्यात वस्तू असूनही ‘टू’च बरोबर आहे, कारण सुरू व्हायचं काम गाडीचं आहे. वस्तू चालती केली हे दाखवायला ‘इंग’ही येतं: ‘ही गॉट द पंप वर्किंग अगेन.’

प्रश्न: ‘द थीफ वॉज कॉट’ आणि ‘द थीफ गॉट कॉट’ यांत फरक काय? पुस्तकातला कर्मणी प्रयोग ‘गेट’ने करता येतो असं मुलांना शिकवावं का?
(शाळेतील शिक्षिका, रामबाग)

उत्तर: जरूर शिकवावं, पण मर्यादा सांगून. ‘वॉज कॉट’ कुठेही चालतं. ‘गॉट कॉट’ बोलण्यातलं आहे, आणि त्यात काहीतरी अचानक घडलं, बऱ्याचदा नको ते घडलं, किंवा कर्त्याने ते स्वतःवर ओढवून घेतलं अशी छटा असते. ‘गॉट हर्ट’, ‘गॉट फायर्ड’, ‘गॉट स्टोलन’. चांगलंही घडू शकतं, जसं ‘गॉट प्रमोटेड’, ‘गॉट सिलेक्टेड’. जिथे घटना नसून नुसती स्थिती असते तिथे हे चालत नाही. ‘ही इज नोन टू एव्हरीवन’ याचं ‘ही गेट्स नोन’ होणार नाही.

मुलं प्रश्न आणि नकार करताना अडखळतात. या रचनेत ‘गेट’ साहाय्यक क्रियापदासारखं दिसतं, पण वागतं साध्या क्रियापदासारखं, म्हणून त्याला ‘डू’ची मदत लागते. ‘वॉज ही हर्ट?’ पण ‘डिड ही गेट हर्ट?’. ‘ही वॉजन्ट हर्ट’ पण ‘ही डिडन्ट गेट हर्ट’.

लग्नाच्या बाबतीत तर ‘गेट’च सोयीचं. ‘दे वेअर मॅरिड इन 1998’ यातून लग्न त्या वर्षी झालं की तेव्हा ते विवाहित होते हे नक्की होत नाही. ‘दे गॉट मॅरिड इन 1998’ यात शंका उरत नाही. मराठीत आपण कुणाशी लग्न करतो, त्या ‘शी’चं ‘विथ’ होतं आणि ‘मॅरिड विथ’ लिहिलं जातं. तिथे ‘टू’ पाहिजे: ‘शी गॉट मॅरिड टू अ डॉक्टर.’

प्रश्न: सिटी बसमध्ये ‘गेट डाउन अ‍ॅट राजवाडा’ म्हणतो. एका पाहुण्यांनी ‘गेट ऑफ’ म्हणा असं सुचवलं. कोणतं खरं?
(एक प्रवासी, सरवटे बसस्थानकाजवळ राहणारे)

उत्तर: भारतीय इंग्रजीत ‘गेट डाउन’ इतकं रुळलं आहे की इंदूरच्या बसमध्ये त्याने काहीच अडत नाही. उतरण्याचा ‘खाली’ हा भाग आपण ‘डाउन’ने दाखवतो. भारताबाहेर मात्र ‘गेट डाउन’ म्हणजे उंच जागेवरून खाली येणं किंवा चटकन खाली वाकणं. तेव्हा बस, रेल्वे, विमान, मेट्रो यांना चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला पहिली जोडी, ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला दुसरी. ज्याच्यावर टांग टाकून बसतो ती सायकल, स्कूटर आणि घोडा पहिल्या जोडीत जातात.

प्रश्न: ‘गेट’ आणि आपलं ‘घेणं’ एकाच मुळातून आले असतील का? अर्थ आणि आवाज दोन्ही जवळचे वाटतात. शब्दाचा उगम सांगावा.
(निवृत्त शिक्षक, रामबाग)

उत्तर: आपला प्रश्न अनेकांच्या मनात येतो, पण उत्तर नाही असं आहे. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी आहेत, आणि ती दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

‘घेणं’ संस्कृत ‘ग्रह्’ धातूच्या कुळातलं. महाराष्ट्री प्राकृतात ‘घेत्तूण’ म्हणजे घेऊन, ‘घेप्पइ’ म्हणजे घेतलं जातं. ‘ग्रह्’चं वैदिक रूप ‘ग्रभ्’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात (10.85.36) वर वधूला ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ म्हणतो, ते हेच क्रियापद, आणि पाणिग्रहणाच्या वेळी ते आजही म्हटलं जातं. या ‘ग्रभ्’चा इंग्रजीतला नातेवाईक ‘गेट’ नसून ‘ग्रॅब’ आहे.

‘गेट’ इंग्रजीत आलं ते उत्तरेकडून. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क, नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात आधी स्वारी करून आले आणि मग तिथेच वसले. त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेत ‘गेता’ हे क्रियापद होतं: मिळवणं, पोचणं, जमणं, अपत्य होणं, अंदाज बांधणं असे त्याचे अर्थ. साधारण 1200 च्या सुमारास ते इंग्रजी लिखाणात स्वतंत्र शब्द म्हणून दिसू लागतं. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत हा धातू होता, पण उपसर्ग लावूनच वापरला जाई, आणि त्यातला ‘ग’ मऊ होऊन ‘य’सारखा उच्चारला जाई. पाहुण्या भाषेने त्याला कडक ‘ग’ दिला. ‘गिव्ह’चंही असंच झालं. चौदाव्या शतकातल्या दक्षिणेकडच्या इंग्रजीत ‘यिव्ह’, ‘येव्ह’ अशी रूपं सापडतात. आजचा ‘ग’ नॉर्सच्या प्रभावाचा.

शेजारी राहणाऱ्या भाषांत नामांची देवाणघेवाण नेहमीच होते. एका भाषेतलं रोजचं क्रियापद दुसरीत शिरायला मात्र दोन्हीकडची माणसं एका गल्लीत राहावी लागतात, एकमेकांत सोयरिकी व्हाव्या लागतात. माळव्यातली मराठी घरं हे समजू शकतील. नॉर्सने इंग्रजीला ‘टेक’ दिलं, ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा दिली, ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘हजबंड’ ही घरातली नामंही.

याच मुळाचा उपसर्ग लागलेला शब्द ‘फॉरगेट’. त्यातला ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ नव्हे, तो दूर जाणं, गमावणं दाखवणारा जुना उपसर्ग आहे. म्हणजे फॉरगेट हे मुळात हाती असलेलं सुटून जाणं. ‘बिगेट’ म्हणजे अपत्याला जन्म देणं. ‘गेस’ हाही बहुधा याच कुळातला, अंदाजाने पकडू पाहणं.

आणखी मागे गेलं तर या धातूचा अर्थ पकडणं, धरणं असा निघतो आणि लॅटिन ‘प्रेहेन्देरे’ त्याचा भाऊबंद ठरतो. त्या लॅटिन शब्दापासून ‘कॉम्प्रिहेन्ड’ आला, फ्रेंचच्या वाटेने ‘प्रिझन’ आणि ‘सरप्राइझ’ आले. पोरं ‘आय गेट इट’ म्हणतात आणि पंडित ‘आय कॉम्प्रिहेन्ड’ म्हणतात. दोघांचा धातू एकच, दोघंही अर्थ हातात पकडत असतात. आईसलँडच्या आजच्या भाषेत ‘गेता’ म्हणजे ‘शकणं’: ‘येग गेत’ म्हणजे मी करू शकतो. इंग्रजीत ‘आय गॉट टू सी हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं, यात तीच छटा डोकावते.

‘होणं’ हा अर्थ पुष्कळ उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि वर आलेला ‘गॉट कॉट’सारखा कर्मणी सतराव्या शतकापासून. त्याआधी इंग्रजीत ‘होणं’ दाखवणारं एक जुनं क्रियापद होतं, जर्मनमधल्या ‘वेर्डन’चं सख्खं भावंड. ते मावळलं आणि त्याची मोकळी झालेली जागा ‘बिकम’, ‘ग्रो’, ‘टर्न’ आणि ‘गेट’ यांनी वाटून घेतली. म्हणून या चौघांचे अर्थ आजही एकमेकांत मिसळतात.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत असते. ती ‘गॉटन’ म्हणते. आम्हाला शाळेत ‘गेट, गॉट, गॉट’ शिकवलं. कोण बरोबर?
(एक वाचक, मनोरमागंज)

उत्तर: दोघीही. ‘गॉटन’ अमेरिकेने नव्याने काढलेलं नाही. इंग्लंडमधलं जुनं रूप तिकडे टिकलं आणि इंग्लंडमध्ये झिजलं. ब्रिटिश इंग्रजीतही ‘फॉरगॉटन’ आणि ‘इल-गॉटन’ शिल्लक आहेतच. जुना भूतकाळही ‘गॅट’ असा होता. 1611 च्या इंग्रजी बायबलात वंशावळ सांगताना ‘बिगॅट’ पुन्हा पुन्हा येतं.

अमेरिकेत दोन रूपांत अर्थाचा फरक करतात. ‘आय हॅव गॉट अ तिकेट’ म्हणजे माझ्याकडे तिकीट आहे. ‘आय हॅव गॉटन अ तिकेट’ म्हणजे मी तिकीट मिळवलं. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं, आणि ‘आय हॅव गॉटन टू गो’ म्हणजे मला जायची संधी मिळाली. सरसकट ‘गॉटन’ लावलं तर अर्थ उलटायचा धोका आहे. भारतातल्या परीक्षांत ‘गॉट’ लिहा.

‘हॅव गॉट’ रूपाने पूर्ण वर्तमान असलं तरी अर्थाने साधं ‘आहे’ आहे. म्हणून नकार ‘हॅवन्ट गॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव’. या दोघांची खिचडी करून ‘डोन्ट हॅव गॉट’ लिहू नये. भूतकाळात ‘होतं’ म्हणायला नुसतं ‘हॅड’ घ्यावं.

प्रश्न: पत्रात ‘गेट’ लिहू नये, ते अशुद्ध असतं, असं जुने लोक सांगतात. आम्हाला रोज व्यापारी ईमेल लिहावे लागतात. काय करावं?
(व्यापारी, सियागंज)

उत्तर: अशुद्ध नाही, घरगुती आहे. शाळामास्तरांनी ते टाळायला शिकवलं, त्यात अर्थ एवढाच की हे क्रियापद इतक्या कामांना लागतं की वाचणाऱ्याला नेमकं काम कोणतं ते शोधावं लागतं. व्यापारी पत्रात ते शोधायला लावू नये. ‘वी हॅव नॉट गॉट द पेमेंट’ऐवजी ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट’. परवाना काढला तर ‘ऑब्टेन’, माल विकत घेतला तर ‘पर्चेस’ किंवा ‘बाय’, माल पोचला तर ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, भाव चढले तर ‘राइज’. ‘रीच’ वापरताना पुढे ‘टू’ किंवा ‘अ‍ॅट’ लावू नका: ‘द ट्रक रीच्ड इंदूर.’

‘काइंडली गेट द गुड्स डिस्पॅच्ड’ यात व्याकरणाची चूक नाही, पण माल कोण पाठवणार ते संदिग्ध राहतं, आणि उशीर झाला की वाद त्यावरूनच होतो. ‘प्लीज डिस्पॅच द गुड्स बाय फ्रायडे’ लिहिलं की जबाबदारी आणि मुदत दोन्ही पक्की. उलट ‘गेट रिड ऑफ’, ‘गेट इन टच’ यांसारखे बांधलेले प्रयोग मोडून अवघड शब्द घालायची गरज नाही. ‘प्लीज गेट इन टच विथ अवर ऑफिस’ कुठल्याही पत्रात शोभतं.

ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन ओळींचा निरोप पाठवताना मात्र ‘गेट’ खुशाल वापरा. ‘डिड यू गेट द सँपल?’ हे ‘हॅव यू रिसीव्ह्ड द सँपल?’पेक्षा जास्त आपलेपणाचं आहे.

प्रश्न: इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘गेट’चेच आहेत का?
(विद्यार्थिनी, सुदामानगर)

उत्तर: नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला मान ‘सेट’चा होता. त्याच कोशाची नवी आवृत्ती तयार होत असताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. संपादकांनी त्या क्रियापदाचे 645 अर्थ वेगळे नोंदवले.